माझ्या आवाजावर विकलेली गादी

पांढुर्ण्याला रेल्वेतून उतरून मी सौंसरच्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाई बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी मांडीवरची संत्र्यांची पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "तुमी त्या गादीवाल्या मॅडम न वो?"

मी म्हटलं, नाही बाई, मी कुठलीच गादीवाली नाही. मी भौतिकशास्त्र शिकवते, दूरच्या शहरात राहते आणि मावशीला भेटायला आले आहे. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी मोबाइल काढला, बोटाने बरंच काही वर ढकललं आणि पडदा माझ्यासमोर धरला.

पडद्यावर मी होते. खांद्यावर सत्काराची शाल, मागे आमच्या विहाराच्या सभागृहाची निळी भिंत. मी सांगत होते, "लोखंडात एक लाट निघते. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि कुणाला दिसतही नाही." एवढ्यावर मला कापलं होतं. मग बासरी वाजली आणि एका पुरुषाचा मधाळ आवाज आला, "इसी धरती की बेटी, वैज्ञानिक मैडम बता रही हैं. आपके खून में भी लोहा है. उसमें भी यही लहर है. बस, सो गई है." पाठोपाठ एक निळी गादी आली, तिच्यावर एक म्हातारे गृहस्थ झोपेत हसत होते.

"माह्या सासूले घेतली," बाई म्हणाल्या.

"गुडघे बरे झाले?"

"गुडघे नाही झाले. पन झोप लागते न!"

झोप तर या बसमध्येही लागते, असं मी म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या बिचारीचा काही दोष नव्हता, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

त्या सत्काराचं सांगायला हवं. मी पीएच.डी. झाले तेव्हा आमच्या वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून तो कार्यक्रम केला होता. आमच्या वस्तीत अशी पदवी पहिलीच. माझी आई लवकर गेली. बाबा रामाकोना या खेड्यात दुसऱ्याच्या शेतात राबायचे, म्हणून मावशीने मला सौंसरला स्वतःकडे आणून शिकवलं. ती अंगणवाडीत सेविका होती. कार्यक्रमात ती पहिल्या रांगेत कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून बसली होती. भाषणात एकाने विचारलं, पोरी, तू नेमकं शिकली काय ते आमाले समजंल असं सांग. हा प्रश्न मला देशातल्या कुठल्याही मोठ्या माणसाने इतक्या सरळ विचारलेला नाही. बाकीचे विचारतात, याचा उपयोग काय? आणि उत्तर ऐकायच्या आत चहाकडे वळतात.

म्हणून मी मनापासून सांगितलं. म्हटलं, पोळ्याला तोरणाखाली बैल ओळीने उभे असतात, सगळ्यांची तोंडं एकीकडे. माझे बाबा त्या ओळीत मालकाच्या बैलांचा कासरा धरून उभे असायचे आणि मी त्यांच्या पायाशी. एका बैलाने मान झटकली की शेजारचा थोडा बिचकतो, त्याने पुढचा थोडा, आणि ते बिचकणं पार शेवटच्या जोडीपर्यंत जातं. बैल मात्र जागच्या जागी. लोखंडात इलेक्ट्रॉन असतात, प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीकसा चुंबक, आणि लोखंडाचा चुंबक होतो तेव्हा त्यांची सगळ्यांची तोंडं एका दिशेला असतात. एकट्याने सगळ्यांच्या विरुद्ध तोंड फिरवायचं म्हटलं तर फार जड जातं, शेजारी फिरू देत नाहीत. पण तेच फिरणं हजारोंनी वाटून घेतलं, प्रत्येक जण नखभर कलला, तर जवळजवळ फुकटात होतं. जितके जास्त भागीदार तितका खर्च कमी. अशी जी कलण्याची लाट निघते तिला स्पिन लाट म्हणतात.

लोक खरंच ऐकत होते. मला चेव आला. म्हटलं, आता अडचण अशी आहे की लोखंड हा धातू आहे आणि धातूतले कितीतरी इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात, ते भटकतात. म्हणजे ओळीतले बैल सारखे इकडून तिकडे जात आहेत, तरी मानेची लाट चाललेलीच आहे, असं समजा. लाट लांब असेल तर टिकते. फार आखूड झाली की त्या भटक्यांच्या गर्दीत मोडते, मग एकेक इलेक्ट्रॉन आपापला उलटा होतो आणि लाट म्हणून काही उरत नाही. ती कुठे आणि कशी मोडते, एवढंच मी पाच-सहा वर्षं शोधत होते.

मागून एक म्हातारबुवा ओरडले, "मंग पोळा फुटला म्हना न!"

सगळे हसले आणि मीही हसले, कारण तोरण तुटून बैलांची ओळ पांगते त्याला आमच्याकडे पोळा फुटणं म्हणतात, आणि त्याहून बरोबर शब्द मला आजवर कुठल्या परिषदेत मिळालेला नाही. कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेत होतं. घेऊ दे, मला काय! विज्ञान चार लोकांपर्यंत जात असेल तर चांगलंच, असं वाटलं होतं. त्या आयत्या बिळात हा गादीवाला नागोबा येऊन बसेल हे कुणाला ठाऊक होतं.

मावशीच्या घरी पोचले तर दिवाणावर तीच निळी गादी.

मी चपला काढायच्या आधी विचारलं, "हे काय?"

"अवो, आधी पानी तं पे," मावशी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. ती लंगडत होती. उजव्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलं होतं. मी तिला खुर्चीवर बसवून ते फडकं सोडलं. अंगठा बाजूने काळा पडला होता आणि वास येत होता. काऊन, कधीपासून, काय लागलं, असं मी विचारत सुटले. तिचं उत्तर ठरलेलं : काही नाही, चप्पल चावली.

मावशीला कितीतरी वर्षांपासून साखर आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. मी फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात, लिंबाच्या शेजारी, इन्सुलिनचा डबा होता आणि त्याचं सीलही फोडलेलं नव्हतं. तो अंगठा पुढे वाचला नाही. हे आताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काही चमत्कार होणार म्हणून कुणी वाट बघत बसणार नाही.

"सुई बंद केलीस?"

"गादीवर झोपून राहिली न मी आता."

"कुणी सांगितलं सुई बंद करायला?"

"त्या गादीवाल्या मानसानं सांगतलं, रक्तातली लाट जागी झाली का सुईची गरज नाही. आन् तुनं बी तं..."

"मी काय?"

ती उठून परातीत पीठ मळायला लागली. मी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, मी सुईबद्दल एक अक्षर बोलले नाही, मी रक्ताबद्दल बोलले नाही, मी बैलांबद्दल आणि लोखंडाबद्दल बोलले. ती शांतपणे माझ्यासाठी भाकरी थापत होती आणि मध्येच एवढंच म्हणाली, "आल्या आल्या काऊन भांडून राहिली वो?" मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. ते वैतागून म्हणाले की गादीचा हा पहिलाच पेशंट नव्हे. साखर मोजून कळवा, डोस सांगतो, आणि उद्या सकाळी उशीर न करता नागपूरला पाय दाखवा. साखर मोजली. यंत्रावरचा आकडा पाहून डॉक्टरांनी लगेच डोस सांगितला.

मावशीने दंड पुढे केला नाही. "घेतो न, कुठं पळून चालली मी? जेवण होऊ दे." जेवण झालं. "आता उन्हाचं नको." मी सुई भरून पुढे नेली की तिला काहीतरी काम आठवायचं. शेवटी म्हणाली, त्या माणसाची बैठक आज चार वाजता बाजाराजवळच्या हॉलमध्ये आहे, तिथं जाऊन तू त्याला विचार, मग पाहू. मला वाटलं, बरं झालं. तिच्यासमोर नाही तर निदान त्याच्यासमोर सोक्षमोक्ष लागेल.

हॉल भरलेला होता. संत्र्याचे बागायतदार होते, कापसाच्या जिनिंगमधले लोक होते, आमच्या वस्तीतल्या बायका होत्या. जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून परत चाललेली एक मोटारभर मंडळीही थांबली होती. पडद्यावर मी शाल पांघरून परत परत तेच वाक्य बोलत होते. गादीवाला जाकीट घातलेला, पस्तिशीचा, अतिशय अदबशीर माणूस. मला पाहताच त्याने हात जोडले.

"मैडम! मैं तो आपका फैन हूँ."

मी म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाका, आत्ताच्या आत्ता. माझी मावशी तुमच्या नादाने इन्सुलिन सोडून बसली आहे.

"मैंने आपका एक शब्द नहीं बदला, मैडम. जो आपने कहा, वही दिखाया." आणि त्याने माइक माझ्या हातात दिला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या गोड आवाजातल्या नव्हत्या.

त्याने एक शब्दही बदलला नव्हता, हेच तर माझ्या डोक्यात गेलं. मी माइकवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सांगितलं की तुमच्या रक्तात लोह आहे हे खरं. पण ते एकेक अणू सुटा सुटा, बाकीच्या केवढ्यातरी पसाऱ्यात एकटा बसलेला असतो. शेजारी दुसरा लोहाचा अणू नाही, तर कुणी कुणाला बघून कलायचं? ओळ नाही तर लाट नाही. रक्तात स्पिन लाट नाही, झोपलेली नाही आणि जागीही नाही. गादीने साखर उतरत नाही. ज्याची औषधं सुरू आहेत त्याने ती डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

टाळ्या पडल्या! मी काय बोलले ते ऐकून नव्हे, वस्तीतली मुलगी माइकवर बोलली म्हणून. पहिल्या रांगेतले एक काका उठले. "मॅडम, म्हंजे लाट हाय म्हनता न?"

"लोखंडात आहे. तुमच्यात नाही."

"पन गादीत चुंबक हाय."

"आहे ना! गादीतल्या चुंबकात आहे. तुमच्या घरी तवा आहे, त्यातही आहे. तव्यावर झोपता का?"

लोक हसले. गादीवाल्याने दुसरा माइक उचलला. "तवा गरम होता है मैडम, गादी नहीं होती." आता लोक त्याच्या बाजूने हसले, आधीपेक्षा मोठ्याने. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. हा तर हसून बोलत होता. मी माइक टेबलावर आपटला आणि बाहेर पडले. दारात पाहिलं तर त्या काकांनी गादीसाठी नाव लिहायला सांगितलं होतं.

माझा राग त्या माणसावर होता, पण त्याहून जास्त त्या हॉलवर होता. याच लोकांनी मला सरळ प्रश्न विचारला होता. यांना पोळा फुटणं कळतं. मग गादीसमोर बसल्यावर काय होतं यांना? प्रत्येक जण शेजाऱ्याचं तोंड कुठे आहे ते पाहतो आणि तिकडे आपलं करतो. हे मी रागाने लिहिते आहे आणि राग अजून गेलेला नाही.

घरी आले ती सरळ स्वयंपाकघरात गेले, विळी घेतली आणि गादीची शिवण उसवली. मावशी "अवो, अवो" करत राहिली. आत पातळ फोम आणि फोममध्ये काळ्या गोल टिकल्या, फ्रिजच्या दारावर खेळण्यातली फळं चिकटतात त्याच जातीच्या. एक टिकली तव्याला लावली. ती चिकटली, पण सुपारी सांभाळण्याचीही तिची ताकद नव्हती. मी ती मावशीच्या हातावर ठेवली.

"ही घे तुझी लाट."

मावशीने ती टिकली बोटाने उलटसुलट केली. मग म्हणाली, "ठाऊक हाय मले."

"काय ठाऊक आहे?"

"का याच्यानं काही होत नाही. साखर कमी झाली असती तं मले कळली नसती का? एवढे वर्स सुई टोचून राहिली मी."

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, मग का? का वो मावशी?

ती दाराकडे बघून हळू आवाजात बोलली. "तुहा व्हिडिओ आला तवा सगळ्या बायका माह्याकडं आल्या. म्हने, तुमची पोरगी सांगून राहिली, खरं हाय का? मी काय सांगू? नाही म्हनू? मंग लोकं काय म्हनतीन? या लोकायची शिकली पोट्टी खोटी बोलली, असंच न? आंगणवाडीत होती तवा पोलिओचा डोस बी मी आधी तुलेच पाजला होता. समद्यायच्या समोर. तवा बायकांनी आपले लेकरं आनले. आपल्या घरापासून सुरू केल्याबिगर लोकं मानत नाहीत. म्हनून गादी आनली. आन् सुई घेत राहिली असती तं ते बाहेर दिसलं असतं. म्हनून सोडली. समद्या गल्लीले सांगतलं, सुई सोडली म्हनून."

"माझ्यासाठी?"

"तुह्या नावासाठी."

मी खाली बसले. मला रडू आलं नाही, संताप आला. माझ्या नावाला एवढं काय सोनं लागलंय की त्यासाठी एका बाईचा पाय सडावा? असलं नाव मला नको. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. म्हटलं, बायकांना बोलव आणि सांग की ती पोरगी चुकीचं बोलली, खोटी आहे, काहीही सांग, पण सुई घे. मावशी म्हणाली, "ते नाही होत." मी म्हटलं, बरं, मग दार लावून आत गुपचूप घे. तिला तेही पटेना, कारण गुपचूप घेतलं तर गल्लीला सांगितलेलं खोटं पडतं. आणि ती मला म्हणते की मी हट्टी आहे!

तेव्हा मी उठले आणि दार सताड उघडलं. समोरच्या ओट्यावर दोघी-तिघी कापूस वेचून आल्यावर पाय पसरून बसल्या होत्या. मी हाक मारली, "या वो सगळ्या, इकडं या."

"दार लाव," मावशी म्हणाली. "पोरी, दार लाव म्हनतो न मी."

त्या आल्या. आणखी दोघी कुंपणापलीकडून आल्या. उसवलेली गादी दिवाणावरच होती, तिच्यावर काळ्या टिकल्या पडल्या होत्या. मी मावशीच्या पायाचं फडकं सोडलं आणि अंगठा सगळ्यांना दाखवला. म्हटलं, हे सुई सोडल्याने झालं आहे. व्हिडिओतली बाई मीच आहे आणि मी सांगते की ही गादी कुचकामाची आहे.

समोरच्या घरातली हिरव्या साडीतली बाई पुढे आली. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "मंग तू तवा तसं काऊन बोलली?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी खुर्चीतून अर्धी उठली. तो पाय घेऊन कशी उठली देव जाणे. "ते लोखंडाचं बोलली होती वो! बैलाचं बोलली होती! तुमी पहिल्या रांगेत बसून होत्या न, धड आयकलं नाही? माही पोट्टी एक शब्द खोटी नाही बोलली. त्या मेल्यानं तिचं बोलनं कापलं!" तिचा श्वास फुलला होता. तिने पदर बाजूला केला, दंड माझ्यापुढे धरला आणि मलाच दटावलं, "दे आता. नीट दे, समद्या पाहून राहिल्या."

मी सुई दिली. तिने हूं की चूं केलं नाही. सुई काढून मी कापसाचा बोळा धरला तशी हिरव्या साडीतली बाई खाली मान घालून म्हणाली, "मी बी बंद केली हाय. बीपीची गोळी."

"कवापासून?" मावशीने विचारलं.

"तुमी सोडली न, तवापासून."